नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं

सांडू औताडेला राग लवकर यायचा, आणि तो डोळे जायच्या आधीपासूनच. डोळे गेल्यावर लोकांनी त्या रागाला नवं कारण चिकटवून दिलं, एवढंच. "बिचाऱ्याचं असं झालं, चिडणारच तो," असं कुणी हळहळून म्हटलं की सांडू जास्तच पेटायचा. "मी शाळेत होतो तवापासून असाच हाय," तो म्हणायचा. "माझ्या रागाचं नाव त्या पिंपाला कशापायी देता?"

पिंप होतं कॉस्टिक सोड्याचं. वाळूजच्या एका कारखान्यात, पत्र्याला मुलामा द्यायच्या खात्यात तो कामाला होता. पिंपाचं झाकण उडालं आणि सगळं तोंडावर आलं. दवाखान्यात पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "किती बोटं दिसतात?" सांडू म्हणाला, "आधी हात कुठंय ते सांगा." तेव्हा त्यानं तिशीही ओलांडली नव्हती.

त्याच कारखान्यात त्याच्या नावाचे धिंडवडे निघाले होते. पडेगाव-दौलताबादकडं सांडू नावाची माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण हजेरीचं कार्ड इंग्रजीत होतं, आणि ते करणाऱ्यानं मधे एक 'एच' घुसडला. सांडूचा झाला संधू. उत्तरेकडचा मॅनेजर पहिल्याच दिवशी त्याला बघून म्हणाला, "अरे सरदारजी, पगडी कहाँ है?" अख्खं खातं हसलं. तिथून पुढं तो त्या कारखान्यात सरदारजीच राहिला. कार्ड दुरुस्त करा म्हणून तो कितीदा तरी भांडला. 'सिस्टीममध्ये असंच आहे' याच्यापलीकडं त्याला कधी उत्तर मिळालं नाही.

अपघातानंतर तो घरी बसला आणि ताटं फेकायला लागला. भाजीत मीठ कमी, ताट फेक. शेजारचं कुणी भेटायला आलं, ते गेल्यावर ताट फेक. त्याची बायको गीता एका वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटायला जायची. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "ताटं फेकायचीच असतील तर कमवून नवी आणा. माझ्या पगारात आता ताटं बसत नाहीत."

हे त्याला लागलं. तो शहरातल्या अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात जायला लागला आणि तिथं संगणक शिकला. पडद्यावर जे येईल ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम तिथं होता. आवाज परदेशी, बोलायचा भरभर, पण सांडूचे कान त्याला सरावले. अडचण एकच. तो आवाज फक्त इंग्रजी वाचायचा. मराठी अक्षर आलं की मुकाट पुढं सरकायचा.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली. लागोपाठच्या दुष्काळानं धरण तळाला गेलं होतं आणि शहर मात्र चारी अंगांनी फुगत चाललं होतं. पडेगावात सांडूच्या चुलत्यांनी जिथं बाजरी काढली त्या जागेवर रो-हाऊसची रांग उभी होती. कमानीवर कारंज्याचं चित्र, आणि घरातल्या नळाला फक्त हवा. बोअर सहाशे फूट नेली तरी वर धुरळाच यायचा. अशा वेळी टँकरवाल्यांना दिवस आले. काही टँकरमालकांनी एकत्र येऊन उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर एक कार्यालय थाटलं होतं. लोकांनी फोन करायचा, इथल्या माणसानं पत्ता लिहून घ्यायचा, तो पत्ता ड्रायव्हरच्या मोबाईलवर जायचा. फोन घ्यायला तिथं दोन माणसं होती. एक अंबिका कुलकर्णी आणि दुसरा सांडू.

ड्रायव्हरांना मराठीच वाचता यायचं, म्हणून पत्ते मराठीत टाइप करायचे. सांडूची बोटं किल्ल्यांवर नीट चालायची, पण आपण काय उमटवलं ते त्याला ऐकू यायचं नाही. म्हणून दर तासाला अंबिका त्याच्या पडद्यावर नजर टाकायची आणि चुकलेली अक्षरं नीट करायची. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिनं कधी कुरकुर केली नाही.

नोकरी लागली त्या दिवशी कार्यालयाचा संगणकवाला देवेश त्याला म्हणाला, "यंत्रावर तुमचं नाव काय टाकू?"

"सांडू. मराठीत टाक," सांडू म्हणाला. "इंग्रजीत टाकलंस तर हात धरून खाली उतरवीन."

देवेश हसला आणि त्यानं मराठीत टाकलं.

मे महिन्यात अंबिका दोन दिवस रजेवर गेली. त्यातल्याच एका सकाळी पुंडलिक ड्रायव्हर धाडधाड जिना चढून आला आणि त्यानं सांडूच्या टेबलावर हात आपटला.

"रामनगरला बाई बोंबलून राहिली! घरात तेरावं, पाव्हणे दारात, आनि हात धुवायला पानी नाय. तू मला रमानगरला धाडलं!"

"मी रामनगरच लिवलं."

"रमानगर लिवलंय! हे बघ!" म्हणत त्यानं मोबाईल सांडूच्या तोंडासमोर धरला. मग आपण काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं. आवाज जरा खाली आला, पण बोलणं थांबलं नाही. "काना एका अक्षराचा दुसऱ्या अक्षराला लावलास. रमानगरवाल्यांनी टँकर बघितला नि पाइप लावले. त्यांचीबी दोन दिवस वाट बघून झालेली. कोन इचारनार पत्ता? तुला दिसत नाय तर हे काम कशाला करतो रे बाबा?"

एक काना इकडचा तिकडं झाला होता आणि तो सांडूच्याच बोटानं झाला होता. त्यानं रामनगरच्या बाईला फोन लावला. ती त्याच्यावर ओरडली नाही, नुसती रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं व्यवस्थापकाला गाठलं. "श्रीरंग सर, मराठी बोलनारा आवाज आलाय. पुन्याची एक संस्था फुकट देती. तो माझ्या यंत्रावर टाकून द्या. मग माझं लिवलेलं मीच ऐकंन."

श्रीरंगनं देवेशला बोलावलं. देवेशनं आवाज उतरवून घेतला, बसवायला लावला. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यात अडकली आणि 'टुंग' असा आवाज झाला.

"काय झालं?"

"काही नाही, सांडूभाऊ. साधा एरर आहे. परत करतो."

पुन्हा टुंग. देवेशनं व्हायरसवाला प्रोग्रॅम बंद करून बघितला. टुंग. यंत्र बंद करून चालू केलं. टुंग. दोन दिवसांनी येऊन त्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं. त्यात सांडूची सकाळ वाया गेली, आणि शेवटी पुन्हा तेच टुंग.

"काय लिवलंय तिथं, ते वाच," सांडू म्हणाला. काम करताना देवेश यंत्राचा बोलणारा आवाज बंद ठेवायचा.

"इंग्रजीत आहे हो."

"मी आंधळा हाय देवेश, बहिरा नाय. इंग्रजी ऐकू येतं मला. वाच."

"टेम्पररी फाईल बनवता येत नाही, असं काहीतरी. पुढं नुसता पत्ता आहे. त्याचा काही उपयोग नाही. यंत्रच जुनं आहे, नवं घ्यावं लागेल." आणि बॅग उचलून जाता जाता तो मोबाईलवर कुणाला तरी म्हणाला, "अरे, एन्व्हायर्नमेंटचं काहीतरी असणार, पाथबीथ. कोण बसतंय तिथं डोकं फोडत!"

सांडूनं ते ऐकलं. 'कोण बसतंय' या दोन शब्दांनी त्याचं डोकं फिरलं. संध्याकाळी सगळे खाली चहाला गेले, तेव्हा तो एकटाच डोकं फोडायला बसला. केंद्रात त्याला एवढं शिकवलेलं होतं, की यंत्राच्या पोटात 'एन्व्हायर्नमेंट' नावाची एक याद्यांची जागा असते. कुठला प्रोग्रॅम कुठल्या कप्प्यात सापडेल, काम चालू असताना तात्पुरता पसारा कुठं टाकायचा, हे तिथं लिहिलेलं असतं. किल्ल्या दाबत, आवाज ऐकत तो तिथवर पोचला. आवाज म्हणाला, 'पाथ'. देवेशनं पाथच म्हटलं होतं. आत लांबलचक मजकूर होता, आवाज तो वाचतच सुटला. सांडूला त्यातलं निम्मं कळेना. चूक इथंच असणार, काढली की जाईल, असं त्याच्या रागानं ठरवलं आणि बोटानं पुसून टाकलं. ठीक आहे, म्हणून एंटर मारला. मग मराठी आवाज बसवून बघितला.

टुंग.

सकाळी त्याच्या यंत्रावरचा पत्ते घ्यायचा प्रोग्रॅम उघडेचना. आपलं सामान कुठल्या कप्प्यात आहे, हेच त्याला सापडत नव्हतं. उन्हाळ्यातली सकाळ म्हणजे फोनचा नुसता भडिमार. एकटी अंबिका किती फोन घेणार? खाली टँकर रिकामे उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, वर फोन खणखणतायत. श्रीरंग धावत आला.

"काय केलंस तू?"

"पाथ पुसला," सांडू म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनी सांगत नव्हतं म्हनून तर केलं! तीन आठवडे झाले. त्यो पोरगा येतो, टुंग वाजवतो आनि जातो. मला एक वाक्य कुनी धड वाचून दाखवत नाय!"

"ते राहू दे. आजपासून तू फक्त फोन उचलायचा आणि अंबिकाबाईंना पत्ता सांगायचा. लिहायचं काम त्या करतील. यंत्राला हात लावायचा नाही."

"मंग मला ठिवता कशाला? फोन तर पोपटबी उचलंल."

"आवाज खाली कर."

"नाय करत!"

श्रीरंग माणूस वाईट नव्हता. खाली हॉर्न वाजत होते आणि त्याला काही सुचत नव्हतं, इतकंच. तो म्हणाला, "देवेश दुपारी येईल, सगळं पुसून नव्यानं भरेल. तोवर गप्प बस," आणि आत निघून गेला.

सांडू बसला, पण गप्प नाही. हातातला पेला त्यानं टेबलावर इतक्या जोरानं ठेवला की त्यातला चहा अंगावर उडाला. थोड्या वेळानं शेजारून अंबिकाचा आवाज आला.

"सांडूभाऊ, तुम्ही पुसलेलं माझ्या यंत्रावर असेल ना? आपली दोन्ही यंत्रं एकाच दिवशी आणलेली."

सांडूनं मान वर केली. "आसंल. पन पेनड्राइव्ह देवेशनं बंद करून ठिवलेत."

"मी वाचते. तुम्ही टाइप करा."

फोन जरा थंडावले तशी ती वाचायला लागली. एक एक अक्षर, तिरकी रेघ, अर्धविराम. मधेच फोन यायचा, ती पत्ता लिहून घ्यायची आणि पुन्हा होतं तिथून पुढं वाचायची. सांडू दोनदा तिच्यावर खेकसला, "ताई, रेघ उजवीकडं कललेली का डावीकडं, ते सांगा!" दुसऱ्या वेळी तीही खेकसली, "माझ्यावर ओरडायचं नाही. मी तुमचा देवेश नाही." सांडू वरमला. शेवटी त्यानं एंटर मारला, प्रोग्रॅमवर बोट टेकवलं, आणि तो उघडला. खालचे हॉर्न हळूहळू कमी झाले.

"आता तो टुंग वाजवा," अंबिका म्हणाली. "मी बघते काय लिहून येतं."

"आवाजाला वाचू द्या आधी. नंतर तुमी."

टुंग झालं. परदेशी आवाजानं वाचायला सुरुवात केली: फाईल बनवता येत नाही, सी, युजर्स... मग क्षणभर काहीच नाही... मग ॲपडेटा, लोकल, टेम्प. सांडूनं ते पुन्हा ऐकलं. युजर्सच्या पुढं भोक होतं.

"ताई, युजर्स आनि ॲपडेटाच्या मधी काय हाय?"

अंबिकानं चष्मा सारखा केला. "प्रश्नचिन्हं आहेत. एक, दोन... पाच."

"अक्षरं नायत?"

"नाहीत. नुसती प्रश्नचिन्हं." मग तिनं दुसरीकडं तोच कप्पा उघडून बघितला. "इथं मात्र तुमचं नाव आहे, सांडू. हं. तिथं नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आलीत."

तीन आठवडे देवेश ही चिन्हं बघत होता. 'पुढं नुसता पत्ता आहे' म्हणाला होता. त्या पत्त्यात सांडू राहत होता.

त्यानं संस्थेचा मदतीचा नंबर फिरवला. चारुता नावाच्या मुलीनं फोन घेतला. त्यानं सगळं सांगितलं. ती सरावानं म्हणाली, "सर, युजरचं नाव मराठीत आहे म्हणून होतंय. इंग्रजी नावाने नवीन युजर करा आणि तिथून इन्स्टॉल करा."

"थांबा," सांडू म्हणाला. त्याचा आवाज सुरुवातीला अगदी हळू होता. "तुमचं हे यंत्र मराठी बोलतं ना?"

"हो सर."

"आनि त्याला माझं मराठी नाव चालत नाय?"

"इन्स्टॉल करणारा भाग जुना आहे, सर. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं..."

"मराठी मानसासाठी बनवता! आंधळ्यासाठी बनवता! आनि उंबऱ्यातच म्हनता, नाव बदलून या? एकदा माझं नाव बदललंय लोकांनी. सरदारजी म्हनून घेतलंय मी, हाफ डे, फुल डे, ओव्हरटाइमला! आता नाय बदलनार. कोनासाठीच नाय. तुमी काय झोपा काढता का तिथं?"

"सर, तुम्ही माझ्यावर ओरडू नका!" चारुताचाही आवाज चढला. "प्रोग्रॅम मी लिहीत नाही, मी फक्त फोन घेते. सकाळपासून असे किती फोन घेतलेत मी, माहितीये? ही चूक मी किती वेळा वरती कळवली! सगळे म्हणतात, युजर बदलायला सांग. तर मी तेच सांगते!"

दोघंही धापा टाकत होते. सांडूला एकदम जाणवलं, की दिवसभर फोन घेणाऱ्या माणसावर तो ओरडत होता, जसं लोक त्याच्यावर ओरडायचे.

"तुमीबी फोनवालेच व्हय?" तो म्हणाला. "मीबी."

चारुताचा आवाज उतरला. ती म्हणाली, "नाव नका बदलू. दुसरा एक मार्ग आहे. आम्हाला सांगायला मनाई आहे, कारण लोक काहीतरी भलतंच पुसतात म्हणे."

"मी पुसून झालंय. सांगा."

"तात्पुरता पसारा तुमच्या नावाच्या कप्प्यात पडतोय. तो बाहेर काढा. सीमध्ये इंग्रजी नावाचा एक रिकामा कप्पा करा, टेम्प. मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टेम्प आणि टीएमपी अशी दोन नावं असतील, वरच्या यादीत. त्यांच्यापुढं या नव्या कप्प्याचा पत्ता लिहा. खालच्या यादीला हात लावू नका."

"खालची माहीत हाय," सांडू म्हणाला. "पाथ खालच्याच यादीत होता."

त्यानं कप्पा केला, दोन्ही पत्ते बदलले, ठीक आहे म्हटलं, यंत्र बंद करून उघडलं. अंबिका खुर्ची ओढून शेजारी बसली होती. पट्टी अर्ध्यात आली. पट्टी पुढं गेली आणि संपली.

सांडूनं गेल्या महिन्याभराची यादी उघडली. एका बाईचा आवाज आला, थोडा सपाट, पण शुद्ध मराठी. ती पत्ते वाचायला लागली. सांडू हसत ऐकत होता. मग हसू हळूहळू मावळलं. 'पेडगाव'. 'उसमनपुरा'. 'हनुमान मंदिराच्या मगे'. अंबिका रजेवर होती ते दोन दिवस जसेच्या तसे यादीत होते. रामनगरची बाई एकटी नव्हती. त्याच्या चुकांनी आणखी कितीजण हंडे घेऊन दारात उभे राहिले असतील, ते कळायला मार्ग नव्हता.

"ताई, रोज एवढ्या चुका काढत होता तुमी?"

"काही दिवस जास्त असायच्या."

"सांगितलं का नाय?"

"तुम्ही ताट फेकता असं ऐकलं होतं," अंबिका म्हणाली. हे ती थट्टेनं म्हणाली की खरंच, ते सांडूला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही.

दुपारी देवेश यंत्र पुसायला आला. सांडूनं त्याला खुर्चीत बसवलं, मराठी आवाज ऐकवला आणि म्हणाला, "आता ऐक. तुला पाच प्रश्नचिन्हं दिसली व्हती. व्हय का नाय?"

"दिसली होती, पण मला वाटलं..."

"तुला वाटलं ते तुझ्यापाशी ठेव. मला दिसत नाय म्हनून मी इचारतो. तुला दिसत असून तू वाचलं नाय. हे मी इसरनार नाय." देवेशनं माफी मागितली. सांडूनं ती घेतली नाही. पुढं कित्येक दिवस देवेश आला की तो फक्त 'हं' म्हणायचा.

श्रीरंगनं त्याला लिहायचं काम परत दिलं, पण यंत्राच्या आतल्या गोष्टींना हात लावायचा नाही असा कागद सगळ्यांच्या टेबलांवर लावला. सांडूनं तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि फाडला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. टँकर उभे राहिले, ड्रायव्हर दुसरीकडं पांगले, कार्यालयानं दोनातलं एक माणूस कमी केलं. माणूस कुठला असणार हे सांडूला आधीच माहीत होतं. तो भांडला, हरला, आणि प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागला. तिथली मुलं त्याला टरकून असतात. 'एरर आला सर' एवढंच कुणी म्हटलं की तो गरजतो, "आला म्हंजी काय? पाव्हना हाय का? पुरता वाच!" पण मराठी नावाच्या यंत्रावर मराठी आवाज कसा बसवायचा, ते त्या केंद्रातल्या प्रत्येकाला येतं.

संस्थेला मात्र तो सोडत नाही. नवी आवृत्ती आली की तो मराठी नावाच्या यंत्रावर आधी ती बसवून बघतो, आणि टुंग झालं की फोन उचलतो. परवा रविवारी पुन्हा तेच झालं. गीतानं ताट वाढलं होतं. सुटीचा दिवस आहे, पलीकडं कुणी फोन उचलणार नाही, हे तिनं सांगून बघितलं. सांडूनं नंबर फिरवला.

"आधी जेवून घ्या, मग भांडा," ती म्हणाली.

"आधी भांडतो," सांडू म्हणाला. "पोट भरल्यावर माझ्या आवाजात दम राहत नाय."